गार होईपर्यंत

१२ जानेवारी

भाऊजींना,

अनेक आशीर्वाद. वयाने मी तुमच्याहून लहान असले तरी नात्याने मोठी आहे, तेव्हा आशीर्वाद मुकाट्याने घ्या.

फोन सोडून पत्र कशाला, असं वाटलं असेल. आमच्या दीड खोलीत फोनवर काहीही बोललं तरी ते तुमच्या दादांच्या कानावर जातं. आणि फोनवर तुम्ही नुसतं ‘हं, हं’ करता, आणि शेवटी ‘काळजी करू नकोस’ म्हणून मोकळे होता. म्हणून दातांच्या लॅबमध्ये बसून, जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. समोर प्लास्टरचे जबडे वाळत ठेवलेत. सगळे आ वासून माझ्याकडे बघताहेत.

दादांच्या विजेच्या स्टेशनात ब्रेकर फुटला, त्याला आता वर्ष होईल. लाइन ट्रिप होऊन बंद पडली, त्यांनी रिवाजाप्रमाणे ती एकदा परत चालू करून बघितली, आणि ब्रेकर फुटला. दुसरा कोणी शिफ्टवर असता तर त्यानेही तेच केलं असतं, हे चौकशीत साहेबांनीच लिहून दिलं. मिस्त्री भाजला होता, तोही बरा होऊन कामाला लागला. पडून त्याचे पुढचे दात गेले होते, ते मीच करून दिले. आता तो पूर्वीपेक्षा छान शीळ घालतो. बरे झाले नाहीत ते एकटे तुमचे दादा.

तुम्हाला एक गोष्ट आजवर सांगितली नव्हती. ते घरातलं एकही बटण दाबत नाहीत. दिव्याचं नाही, पंख्याचं नाही, शेजाऱ्यांच्या दारावरच्या घंटीचंसुद्धा नाही. मी संध्याकाळी घरी येते तेव्हा ते अंधारात खुर्चीवर बसलेले असतात. ‘दिवा का नाही लावला?’ विचारलं तर म्हणतात, ‘आत्तापर्यंत उजेड होता की.’ मग मी दिवा लावते आणि आम्ही दोघं काही झालंच नाही असं वागतो.

आता ऑफिसने कळवलंय की एप्रिलअखेर ते शिफ्टवर हजर झाले नाहीत तर त्यांना कायमचं स्टोअरमध्ये टाकतील. तिथे नट-बोल्ट द्यायचे आणि घ्यायचे. ते काम हलकं नाही, पण ते तुमच्या दादांचं नाही. आमचं लग्न ठरलं तेव्हा मला घेऊन हा माणूस स्टेशन दाखवायला गेला होता. बाकीचे लोक बाग दाखवतात. पॅनेलसमोर ते उभे होते ते बघून मी मनात म्हटलं होतं, चला, याला काहीतरी येतंय.

तर माझं एक काम करा. तुम्ही तिकडे काय बनवताय ते मला पत्रात सविस्तर लिहा, मला समजेल अशा भाषेत. कारण आहे, पण ते विचारू नका.

वहिनी


२० जानेवारी

वहिनी,

साष्टांग नमस्कार, पण खुर्चीत बसूनच. खाली जमिनीवर तारा पसरल्यात.

बटणांचं वाचलं आणि पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मला वाटत होतं तो हळूहळू सावरतोय. फोनवर तर हवापाण्याचं बोलतो. मीही मूर्खासारखा हवापाण्याचंच बोलत राहिलो.

तू कारण विचारू नका म्हणालीस, नाही विचारत. मी एका स्टेशनात यंत्र बसवतोय. त्याचं नाव फॉल्ट करंट लिमिटर. यार्डात माणसापेक्षा उंच अशी पोलादी टाकी आहे, थर्मासच म्हण. आत द्रवरूप नायट्रोजन, इतका गार की त्यात बोट घातलं तर ते बोट तुझ्याकडे दुरुस्तीला आणावं लागेल. त्यात अतिवाहक पट्टीची वेटोळी बुडवलेली आहेत. अतिवाहक म्हणजे त्या थंडीत ती पट्टी विजेला जराही अडवत नाही. सगळ्या गावाची वीज तिच्यातून जाते, आणि पट्टीला पत्ता नसतो.

मग उपयोग काय? उपयोग वाईट दिवशी. एखादी तार तुटते, फांदी पडते, यालाच आम्ही फॉल्ट म्हणतो, आणि वीज सगळी धाव त्या एका ठिकाणी घेते. ब्रेकरचं काम उघडून ती धाव तोडायचं. पण ब्रेकर जुने आहेत. ते बसवले तेव्हा वीज थोडी होती. त्यानंतर नवी वीजघरं जोडली, नव्या लाइनी जोडल्या, आणि धाव इतकी वाढली की ती तोडता तोडता ब्रेकरच फुटावा. दादाच्या स्टेशनात हेच झालं. आमची पट्टी काय करते, धाव आली की तिला ते सहन होत नाही, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत ती अडवायला लागते. इतका वेळ वाट मोकळी सोडणारा माणूस एकदम दारात आडवा उभा राहावा तसं. धाव आटोक्यात येते आणि ब्रेकर आपलं काम शांतपणे करतो.

इथल्या ऑपरेटरला सगळे ‘कानटोपी’ म्हणतात. टाकी आल्यापासून तो लोकरीची कानटोपी घालून शिफ्ट करतो. टाकी बाहेरून गार लागत नाही, हे मी त्याचा हात धरून, टाकीला लावून दाखवलं. म्हणाला, ‘साहेब, आत आहे ना गार? मग झालं.’ यंत्राला तो जावईबापू म्हणतो. दिवसभर गारव्यात बसून राहतात, कामधाम नाही, आणि सगळं स्टेशन त्यांच्या दिमतीला.

मार्चअखेर चाचणी पार पडली की याचाच जोड, म्हणजे असंच दुसरं यंत्र, दादाच्या स्टेशनात जायचाय. हे दादाला मात्र सांगू नकोस. उगाच आशा लावून बसायला नको.

तुझा धाकटा दीर


२ फेब्रुवारी

भाऊजींना,

पत्र मिळालं. जावईबापू आवडले. माझ्या आईला तुमचे दादा तसेच वाटायचे, फक्त गारवा सोडून.

घरचं ठीक. दादांनी काल मिस्त्रीची चौकशी केली. स्वतःहून. मी म्हटलं, रविवारी बोलवू का? तर उठून गॅलरीत गेले. पण चौकशी केली.

बरं, मला एक शंका आहे. जावईबापू दारात आडवे उभे राहिले, ठीक. पुन्हा वाट मोकळी कधी करतात? ब्रेकर उघडल्या उघडल्या की नंतर? आणि पट्टी तापलेली असतानाच कोणी लाइन परत दिली, आणि फॉल्ट अजून तिथेच असला, तर पट्टीचं काय होतं?

शंका माझीच आहे. एवढं आश्चर्य वाटायला नको.

वहिनी


९ फेब्रुवारी

वहिनी,

आश्चर्य वाटायला नको कसं? आमच्याकडे दोन पदव्या घेऊन आलेल्या पाहुण्यांनी तासभर टाकीभोवती फिरून ‘रंग छान आहे’ एवढंच म्हटलं. आणि तू नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंस. खरं सांग, कवळ्या सोडून दुसरीकडे नोकरी धरलीस का?

तर ऐक. आडवं उभं राहण्यात पट्टी तापते. भोवतालचा नायट्रोजन उकळतो. ती पुन्हा गार होईपर्यंत काही मिनिटं तिला सोडून द्यावं लागतं. तेवढ्यात लाइन परत दिली आणि फॉल्ट तिथेच असला, तर पट्टी जळते. जावईबापू एकदा खपले की सहजासहजी परत मिळत नाहीत.

आणि अडचण इथेच आहे. लाइन ट्रिप झाली की ऑपरेटर ‘एक हात मारतो’, म्हणजे पॅनेलवरची मूठ फिरवून ती एकदा चालू करून बघतो. फांदी एव्हाना खाली पडलेली असते, वारा थांबलेला असतो, लाइन राहते, लोकांना दिवा लुकलुकला एवढंच कळतं. सगळ्या स्टेशनांत हेच चालतं. आता इथे एक हात मारण्याआधी थांबायचंय. पॅनेलवर मी पाटी लावली आहे, शेजारी दिवा आहे. गार झालं की दिवा लागतो. सगळ्यांना बसवून समजावलं. कानटोपी पहिल्या रांगेत बसून मान डोलवत होता, गोंडा हलेपर्यंत.

मिस्त्रीचं वाचून बरं वाटलं.

धाकटा


२१ फेब्रुवारी

भाऊजींना,

आज थोडक्यात लिहिते. एका बाईंची कवळी त्यांच्या मुलीच्या लग्नाआधी द्यायचीय, आणि लग्न कवळीसाठी थांबणार नाही म्हणे.

समजावल्याने डोकं थांबतं. हात थांबतो का? माझंच सांगते. मी इतकी वर्षं हे काम करतेय, साचा गार व्हायच्या आत उघडला तर कवळी वाकडी होते हे मला झोपेतही माहीत आहे. तरी हात जातोच. म्हणून मी साच्याला क्लॅम्प लावते आणि त्याची किल्ली पलीकडच्या खोलीत नेऊन ठेवते. किल्ली आणायला जाईपर्यंत अक्कल येते.

तुमच्या पॅनेलवर तसं काही आहे का? दिवा नाही, पाटी नाही. गार होईपर्यंत मूठ फिरणारच नाही अशी कडी. असली तर कुठे बसवली आहे, आणि नसली तर का नाही? याचं उत्तर नक्की द्या.

घरात हल्ली पेन्सिली लवकर झिजतात. कारण नंतर सांगेन.

वहिनी


१८ मार्च

वहिनी,

इतके दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही उरलेलं नाही.

गेल्या आठवड्यात दुपारी जोराचा वारा सुटला. यार्डाच्या मागच्या लाइनीवर फांदी आली. मी कंट्रोल रूममध्येच होतो. जावईबापूंनी धाव अशी रोखली की मी काय सांगू. ब्रेकर दार लोटल्यासारखा उघडला. इतक्या वर्षांचं काम डोळ्यांसमोर खरं झालं. मी टाळी वाजवली.

टाळी वाजवून होते न होते तोच कानटोपीने मूठ फिरवली. एक हात मारला! पाटी समोर, दिवा विझलेला, मी शेजारी. फांदी तिथेच होती. पट्टी जळाली, नायट्रोजन उसळला आणि झडपेतून पांढरी वाफ यार्डभर पसरली. कोणाला लागलं नाही. हॉस्पिटल याच लाइनवर आहे, तिथला जनरेटर सुरू झाला, तेवढं नशीब. चाचणी थांबवली आहे. दादाच्या स्टेशनात जायचा जोड आता जाईल असं वाटत नाही.

तू कडीचं विचारलं होतंस. अशी कडी असते. आम्ही बसवली नाही. हॉस्पिटलमुळे ऑपरेटरचा हात मोकळा असावा असं इथल्या साहेबांचं म्हणणं होतं, आणि मीही मान्य केलं. पण एवढं कानीकपाळी ओरडून सांगितल्यावर कडी कशाला लागते? कुठलाही शहाणा माणूस थांबला असता. असल्या माणसाला पॅनेलसमोर उभं करूच नये. मी अहवालात तसंच लिहिणार आहे.

धाकटा


२४ मार्च

भाऊजींना,

आशीर्वाद आज लिहीत नाही.

आता ऐका, पेन्सिली कशाने झिजत होत्या. तुमचं पहिलं पत्र मी लॅबमधून घरी नेलं आणि ‘विसरून’ टेबलावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी समासात बारीक अक्षरात पेन्सिलीने एक प्रश्न होता. पट्टी गार कधी होते, तो. मी तो पेनाने माझ्या पत्रात उतरवला. कडीचा प्रश्नही त्यांचाच. क्लॅम्प तेवढा माझा. आम्ही दोघं एकाच टेबलावर जेवतो, तुमच्या जावयाबद्दल एक अक्षर बोलत नाही, आणि पत्र आळीपाळीने वाचतो. जोड त्यांच्या स्टेशनात येणार हेही त्यांनी वाचलं. तुम्ही सांगू नकोस म्हणाला होतात. मी कुठे सांगितलं?

गेल्या महिन्यात त्यांनी विचारलं, नवे बल्ब कुठे ठेवलेत. मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारून आले, मग सांगितलं.

तुमचं हे पत्रही मी नेहमीसारखं टेबलावर ठेवलं. आधी नीट वाचायला हवं होतं, कवळीच्या गडबडीत नुसतं चाळलं. माझा मला राग येतोय, तुमचा त्याहून जास्त. ‘कुठलाही शहाणा माणूस थांबला असता’ या वाक्याखाली पेन्सिलीची रेघ आहे. या वेळी प्रश्न नाही. पत्र घडी घालून पाकिटात परत ठेवलंय.

तुम्ही ते कानटोपीबद्दल लिहिलंत, मला कळतं. पण भाऊजी, तो माणूस जे करून बसला तेच दादांनी केलं होतं. तीच मूठ, तोच एक हात. तुमच्या टाकीतून वाफ निघाली, यांच्या समोरून माणूस भाजून निघाला, एवढाच फरक. वर्षभर मी त्यांना सांगत होते की तुमची चूक नव्हती. तुम्ही एका ओळीत सांगून टाकलंत की होती.

ते परत खुर्चीत जाऊन बसलेत. बल्बचा खोका टेबलावर तसाच आहे.

वहिनी


२९ मार्च

दादा,

हे पत्र सरळ तुलाच. वहिनीला समासात काही लिहायचं असेल तर लिहू दे.

मला माफ कर. मी ते वाक्य चिडून लिहिलं, आणि लिहिताना मला तू आठवलाही नाहीस, हे त्याहून वाईट. मी हे यंत्र सुरू केलं ते तुझ्या अपघाताच्या आधी. पण तुझा ब्रेकर फुटल्यापासून ते मी तुझ्यासाठीच करतोय असं स्वतःला सांगत होतो. आणि तुझ्यासारखाच एक माणूस समोर उभा राहिला तेव्हा त्याला वेड्यात काढून मोकळा झालो.

अहवाल पाठवलेला नाही. कडीचा प्रश्न तू विचारला होतास. उत्तर नीट द्यायचं होतं आणि मी टाळलं, कारण साहेबांशी वाद घालायचा कंटाळा आला होता. तेही आता अहवालात येईल.

कानटोपी त्या दिवसापासून कामावर आलेला नाही. काल त्याच्या घरी गेलो. बायकोने दार उघडलं. तो खिडकीशी बसला होता, उघड्या डोक्याने. त्याचं डोकं मी पहिल्यांदाच पाहिलं, पार टक्कल आहे. मला म्हणाला, ‘साहेब, मला सगळं माहीत होतं. हात गेला.’ एवढंच. मी चहा प्यालो आणि ‘काळजी करू नका’ म्हणून उठलो. वहिनी म्हणते ते खरंय, मला तेवढंच येतं.

त्याला काय सांगायचं असतं, दादा? मला खरंच माहीत नाही. तुला माहीत असेल.

तुझा धाकटा


५ एप्रिल

भाऊजींना,

आशीर्वाद, आणि मागचेही घेऊन टाका.

काल जेवताना ते म्हणाले, ‘त्या माणसाकडे कोणी जातं का?’ मी विचारलं, कुठल्या माणसाकडे? म्हणाले, ‘टोपीवाल्याकडे.’ मी म्हटलं, धाकटे गेले होते, चहा पिऊन आले. त्यावर जरा हसले. मग म्हणाले, ‘गुरुवारच्या बसचं तिकीट मिळेल का बघ.’

तर गुरुवारी येताहेत. तुमची खोली चौथ्या मजल्यावर आहे ना? लिफ्ट असली तरी ते जिन्याने येतील. बॅग जड आहे, खाली उतरून घ्या. काही विचारू नका. यंत्र दाखवायची घाई तर मुळीच करू नका.

वहिनी


१९ एप्रिल

वहिनी,

दादा उद्याच्या बसने निघतोय, पण तो तुला काही सांगणार नाही हे दोघांनाही माहीत आहे. म्हणून मी सांगतो.

आला तो जिन्यानेच. मी खाली होतो, पण बॅग मला दिली नाही. चहा घेतला आणि म्हणाला, ‘चल, टोपीवाल्याकडे.’

कानटोपी तसाच खिडकीशी. मी ओळख करून दिली आणि दाराजवळच्या स्टुलावर बसलो. मला वाटलं मीच काहीतरी बोलावं. दादाने माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसलो. मग त्याने विचारलं, ‘झोप लागते?’ तो म्हणाला, नाही. ‘त्या दिवसाचा आवाज येतो?’ तो म्हणाला, ‘टोपी घातली की जास्त येतो. म्हणून काढून ठेवली.’ दादा म्हणाला, ‘मला बटण दाबायच्या आधी येतो. दाबलं तर येईल म्हणून दाबतच नाही.’ वहिनी, इतकं सरळ त्याने मला कधी सांगितलं नव्हतं. तुला सांगितलंय का?

मग कानटोपी बोलायला लागला. ‘मला कळत होतं, मग मी का नाही थांबलो,’ वगैरे. दादा म्हणाला, ‘थांबायला कोणी शिकवलं होतं आपल्याला? ज्याने लाइन लवकर दिली त्याला शाबासकी मिळायची. माझ्या नावची दोन प्रशस्तिपत्रं आहेत. हाताला तेच वळण पडलंय. आता वळण मोडायचं तर कडी लागणार. त्यात लाज कसली?’ कानटोपीच्या बायकोने आतून येऊन आम्हा सगळ्यांना आणखी चहा दिला. ती रडत होती, आणि दादानेही डोळे पुसले.

त्यानंतर दादा रोज त्याच्याकडे जात होता. मी स्टेशनात भांडत होतो. हॉस्पिटलला आता दुसऱ्या लाइनीवरून वीज दिली आहे, त्यामुळे जावईबापू विश्रांती घेत असले तरी तिथे अंधार होणार नाही. हे आम्ही आधीच करू शकलो असतो. साहेबांनी कुरकुर करत का होईना सही केली. अहवालात ‘कडी बसवली नाही’ हे पहिलं वाक्य आहे. त्याखाली माझी सही आहे. एकच राखीव पट्टी होती ती बसवली, मुठीला कडी बसवली, आणि परवा पुन्हा चाचणी ठेवली.

कानटोपी म्हणाला, येतो, पण यांनी शेजारी उभं राहायला हवं. सकाळी दादा माझ्याआधी बूट घालून तयार होता.

आम्ही मुद्दाम क्षणभर फॉल्ट दिला. जावईबापूंनी रोखला, ब्रेकर उघडला. आणि कानटोपीचा हात, वहिनी, तसाच मुठीकडे गेला. सगळं झाल्यावरही! मूठ हलली नाही. कडी होती. तो हात तिथेच ठेवून उभा राहिला. दादा त्याच्या कानाशी जाऊन म्हणाला, ‘गेला ना हात? जाणारच. राहू दे तिथेच.’ मग गार होईपर्यंत दादा त्याला मिस्त्रीच्या शिळेची गोष्ट सांगत होता. दात तू केलेस, तू दोनदा घासून बसवलेस, शीळ त्यानंतर सुधारली, सगळं. कंट्रोल रूममध्ये हसू फुटलं. मी आयुष्यात इतकी लांब मिनिटं कधी उभा राहिलो नव्हतो, पण वाईट वाटत नव्हतं.

दिवा लागला. कडी सुटल्याचा आवाज आला. कानटोपीने दादाकडे पाहिलं, आणि मूठ फिरवली. ब्रेकर पुन्हा जोडला जाऊन बसतो तेव्हा यार्डातून केवढा आवाज येतो तुला माहीत आहे. दादाचे खांदे दचकले. पाय जागचे हलले नाहीत. लाइन राहिली.

कानटोपीने खिशातली आपली टोपी दादाच्या डोक्यावर घातली, अगदी कान झाकून. जोड तुमच्याकडे कधी येतो ते आता वरचे लोक ठरवतील. माझ्याकडून अडणार नाही.

संध्याकाळी घरी येताना लिफ्टने आलो. बटण मात्र मीच दाबलं. खोटं कशाला सांगू.

धाकटा


२७ एप्रिल

भाऊजींना,

अनेक आशीर्वाद. या वेळी मी वयाने लहान असल्याचं मनात आणू नका, कारण ते मी खूप मनापासून देतेय.

बसमधून उतरले ते टोपी घालून. इतक्या उकाड्यात सगळा स्टँड बघत होता. मी म्हटलं, ही कोणाची? म्हणाले, ‘जावयाकडची.’ पुढे काही नाही. बाकी सगळं मी तुमच्या पत्रात वाचलं, आणि पत्र टेबलावर ठेवलं. समासात पेन्सिलीने लिहिलंय, ‘तीनदा घासले होते दात.’ त्यांचं बरोबर आहे, तीनदाच.

बटणाच्या आवाजाबद्दल विचारलंत. नाही, मला कधी सांगितलं नव्हतं. तुमच्या पत्रातूनच कळलं. त्याचं मला वाईट वाटलं, आणि मग वाटलं नाही. ज्याला तो आवाज येतो त्यालाच सांगता येत असेल.

काल ते स्वतः ऑफिसला गेले. बुधवारची सकाळची शिफ्ट मागून घेतली. मिस्त्री त्याच शिफ्टला आहे. रविवारी तो घरी आला होता, दोघं गॅलरीत बसले होते, बोलणं कमी आणि शीळ जास्त. बुधवारी काय होईल मला माहीत नाही. ते पॅनेलपर्यंत जाऊन परतही येतील. त्यांना विचारलं तर म्हणाले, ‘परत आलो तर गुरुवारी जाईन.’ हे मला पटलं.

आता शेवटचं, आणि हेच लिहायला बसले होते. काल लॅबमध्ये उशीर झाला. एक साचा गार होत नव्हता, आणि तुमच्या पत्रांपासून मी जरा जास्तच थांबते. घरी आले तेव्हा अंधारून आलं होतं. कोपऱ्यावरून आमची खिडकी दिसते. मी सवयीने वर बघितलंसुद्धा नसतं, पण फुटपाथवर उजेडाचा चौकोन पडला होता, तो चुकवून पलीकडे गेले, आणि मग उभी राहिले. आमच्याच खिडकीचा होता. पहिल्यांदा वाटलं घरात चोर शिरला.

धावत जिना चढले. दार लोटलं. ते त्याच खुर्चीत होते. टोपी मांडीवर, सदरा घामाने भिजलेला. बल्बचा खोका टेबलावर उघडा. नवा बल्ब लावला होता आणि तो पेटलेला होता.

तेच म्हणाले, ‘किती वेळ लागला ते विचारू नकोस.’ मी पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या. तोंड धुवायचं निमित्त करणार होते, पण केलं नाही, त्यांच्यासमोरच रडले.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, ‘डोळ्यांवर येतोय का? बंद करू?’

मी म्हटलं, राहू दे.

वहिनी